आवाज लिहून कळव

२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे खुशाल आहेत. फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी तुझ्याशी फोनवर बोलले ते आख्ख्या गल्लीने ऐकलं, तू एकटा सोडून. दुसऱ्या दिवशी समोरच्या बेकरीवाल्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर म्हणून मी जगाला जगाशी जोडून दिलं, आणि सख्ख्या भावाशी बोलायला मात्र पोस्टमन मध्ये घालावा लागतो. याला काय म्हणावं ते तूच सांग.

खुशाल म्हटलं खरं, पण गाडीने दगा दिलाय. मंगळवारी शिकवणीच्या बाईंना शेजारी बसवून मी ती बाजारापर्यंत नेऊन आणली, शहाण्यासारखी चालली. बुधवारी मी दिवसभर नणंदेकडे होते. गुरुवारी किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं फिरत राहतं, पेट म्हणून घेत नाही. ह्यांनी खुर्चीतूनच निकाल दिला की गाडी म्हातारी झाली, संपली, आता तिच्यामागे लागू नकोस. भंगारवाल्याला निरोपही पाठवून मोकळे झाले. महिनाअखेर तो घेऊन जाणार आहे.

तुला ह्यांच्या डोळ्यांचं ठाऊक आहे. नजरेचा मधला भाग गेला, कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली त्या दिवशी ह्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि खुर्चीत बसले ते बसलेच. जन्मभर नकाशे काढलेला माणूस आता खोलीच्या बाहेरचं बोलत नाही. डोळ्यांच्या इंजेक्शनला जायचं तर बेकरीवाल्याच्या टेम्पोत, पावांच्या ट्रेमध्ये अवघडून बसायचं. तो बिचारा कधी नाही म्हणत नाही, पण परत येताना ह्यांच्या कोटावरचं पीठ झटकताना मला रडू येतं. म्हणून तर या वयात मी गाडी शिकायला घेतली.

परीक्षेत दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा रिव्हर्समध्ये. तिसरी संधी ३० तारखेला आहे, आणि परीक्षेला गाडी आपली आपण न्यायची असते. गाडी गेली की परीक्षा गेली, आणि आम्ही दोघं कायमचे टेम्पोत. घेताना ही गाडी तूच निवडून दिली होतीस, आता तूच काहीतरी सुचव.

बाकी विशेष नाही. फाटकाजवळची मोठी कुंडी बुधवारी बोक्याने पाडली, असं हे म्हणतात. असेल. त्या बोक्याचं अलीकडे वासरू झालंय.

वहिनींना नमस्कार. तुझी माया आहेच, त्यातली थोडी या महिन्यापुरती गाडीकडे वळव.

तुझी,
भिंगरी


७ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा रिव्हर्समध्ये नापास झालीस हे वाचून तुझ्या वहिनीला वाईट वाटलं, मला नवल वाटलं नाही. लहानपणी तू उलटी चालून दाखवायचीस आणि पाण्याच्या हौदात पडायचीस. दोन वेळा मीच बाहेर काढलंय.

आता मुद्द्याचं. माणसं एका रात्रीत जातात, इंजिनं जात नाहीत. ती आधी महिनाभर कुरकुरतात, धूर सोडतात, तेल गाळतात. मंगळवारी शहाणी आणि गुरुवारी मेलेली, असं म्हातारपण नसतं. मेहुण्यांना म्हणावं, निकाल द्यायची घाई करू नका.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात, पेट्रोल, ठिणगी आणि हवा, आणि तिन्ही वेळेवर लागतात. यातलं काय अडलंय ते मी गॅरेजमध्ये नुसतं ऐकून सांगायचो, हे तुला माहीत आहे. ते कान आता गेले. पण तुझे आहेत, आणि ते साधेसुधे नाहीत. नुसत्या खरखरीवरून लाइन कुठे तुटली ते सांगणारी तू. तर आवाज लिहून कळव. जसा येईल तसा लिही, उगाच नटवू नकोस.

पहिलं म्हणजे किल्ली पूर्ण फिरवल्यावर इंजिन कसं बोलतं? एकाला एक जोडून, ठोके मोजता येतील असं बोलतं, की हलकं, भरभर, बिनठोक्याचं सुर्रर्र करून पळतं? तसं पळत असेल तर आतला पट्टा तुटला, मग भंगारवाल्याला चहा पाज. दुसरं म्हणजे किल्ली अर्धीच फिरवायची, इंजिन फिरवायचं नाही, आणि कान मागच्या सीटला लावायचा. तिथे खाली पेट्रोलचा पंप असतो. तो क्षणभर बोलतो आणि गप्प बसतो. काय बोलतो ते लिही. तिसरं, चार वेळा प्रयत्न करून झाल्यावर मागच्या धुराच्या नळीपाशी पेट्रोलचा वास येतो का बघ. एका दमात किल्ली फार वेळ धरून ठेवू नकोस, स्टार्टर तापतो आणि मग खरंच खर्च निघतो.

रस्त्यावरच्या कोणालाही इंजिन उघडू देऊ नकोस. उघडायला सगळे पुढे असतात, लावायला कोणी सापडत नाही.

मेहुण्यांना नमस्कार. जीव लावतेस तसा कानही लाव, एवढंच मागणं.

तुझा,
दादा


११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सकाळी आलं आणि दुपारच्या आत मी कामाला लागले. हौदाचं तू मुद्दाम काढलंस ते मी भेटल्यावर पाहून घेईन.

आता आवाज. किल्ली पूर्ण फिरवली की गाडी म्हणते, कुंहूं-कुंहूं-कुंहूं-कुंहूं. अगदी संथ आणि सारखं, पाळणा हलवल्यासारखं. ठोके मोजता येतात. एकही ठोका हलका नाही की चुकलेला नाही. सुर्रर्र मुळीच नाही. मात्र मध्येच जो एक फट् असा पेट घ्यायचा आवाज यायला हवा, तो येत नाही. कुंहूं-कुंहूं चालूच राहतं आणि किल्ली सोडली की हूंऽ करून थांबतं.

मग किल्ली अर्धी फिरवून मी मागच्या सीटवर आडवी झाले. चपला दाराबाहेर, पाय खिडकीबाहेर. शिकवणीच्या बाई तेवढ्यात रजेचं सांगायला आल्या, त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. दादा, काहीच ऐकू आलं नाही. बेकरीवाल्याला पुढे बसवून किल्ली फिरवायला लावली, तीनदा. समोरच्या पंख्याची किर्र ऐकू आली, माझ्या पोटातली गुरगुर ऐकू आली, पण सीटखालून काही नाही. लाइन डेड, आम्ही ऑफिसात म्हणायचो तशी. नळीपाशी वाकून हुंगलं, पेट्रोलचा वासही नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा माणूस स्वतःहून डोकावला. ठिणगी चांगली आहे, बॅटरी चांगली आहे, म्हणजे इंजिन उघडावं लागेल असं म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

बेकरीवाल्याला वाटलं ढकलून चालू होईल. आणखी दोन गिऱ्हाइकं घेऊन त्याने गाडी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलली आणि तशीच परत आणली. ढकलायला लागताना मला विचारतो कसा, पुन्हा ढकलायची का, आणि गालातल्या गालात हसतो. अजून एकदाही ढकलली नव्हती तर पुन्हा कसलं. मदत करतो म्हणून ऐकून घेते.

ह्या सगळ्यात हे बाहेर आले नाहीत. एकदा खिडकीतून म्हणाले की कशाला मेलेल्याला छळता. पण एक चांगली गोष्ट सांगते. परवा ह्यांनी आपण होऊन फाटकाच्या खांबाला चुना लावला. इतक्या वर्षांत ह्या माणसाने घरात खिळा ठोकलेला मला आठवत नाही. एकाच खांबाला लावला, डाव्या, त्यामुळे फाटक कसंतरीच दिसतं. पण म्हटलं, खुर्चीतून उठले ना, बास झालं.

भंगारवाला काल येऊन गाडीभोवती फिरून गेला. टायरवर पाय मारून बघत होता. माझ्याच पायावर मारल्यासारखं वाटलं. लवकर लिही. तुझ्या उत्तराकडे डोळे आणि कान दोन्ही लावून बसले आहे.

तुझी,
भिंगरी


१६ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

शाबास. तुझं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचलं, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून नव्हे, तिलाच कुंहूं-कुंहूं म्हणायची हौस आली म्हणून. मी तिच्या ओठांकडे बघत होतो आणि गाडी समोर उभी राहिली.

ठोके सारखे आहेत म्हणजे आतलं सगळं धडधाकट आहे. ठिणगी आहे असं तो गॅरेजवाला म्हणतो. उरलं पेट्रोल. सीटखालचा पंप गप्प आहे आणि नळीला वास नाही, म्हणजे इंजिन उपाशी आहे. उपाशी माणसाचं पोट फाडून बघत नाहीत, जेवायला घालतात.

आधी स्टिअरिंगखालच्या पेटीत पंपाचा फ्यूज बघ. झाकणावर चित्र असतं. तार तुटलेली दिसली तर तसलाच दुसरा घाल. तो शाबूत असला तर डिकी उघड. डाव्या बाजूचं अस्तर सरकव. त्यामागे काड्यापेटीएवढी एक डबी आहे आणि तिच्या डोक्यावर लाल बटण आहे. ते वर उठलेलं असेल. गाडीला धक्का बसला की ते आपोआप उठतं आणि पंप बंद पाडतं, अपघात झाला तर पेट्रोल सांडून आग लागू नये म्हणून. फार शहाणी सोय आहे, फक्त ती असते हे कोणाला माहीत नसतं. दाबण्याआधी गाडीखाली वाकून बघ, पेट्रोल गळत नाही ना, वास नाही ना. नसेल तर बटण दाब.

आता खरं सांग, काय ठोकलंस? बटण वर असलं तर गाडी कशाला तरी आपटली आहे, आणि चांगली आपटली आहे. दोनदा रिव्हर्समध्ये नापास झालेल्या बाईने माझ्याकडून लपवण्यात अर्थ नाही. मी काही तुझा परीक्षक नाही, रागावणार नाही. थोडा हसेन.

पत्र मिळताच कर आणि कळव. आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी बटणालाही दिलेत.

तुझा,
दादा


२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी चालू झाली. हे आधी लिहिते, नाहीतर तू बाकीचं वाचणार नाहीस.

फ्यूज शाबूत होता. डिकीतलं अस्तर सरकवलं तर लाल बटण खरंच वर उठलेलं. गाडीखाली आडवी होऊन पाहिलं, कोरडं. मग बटण दाबलं. टक् झालं. किल्ली अर्धी फिरवली आणि मागून आवाज आला, घूंऽऽ, आणि गप्प. दादा, मी इतकी वर्षं डायल टोन ऐकला, पण इतका गोड कधी लागला नव्हता. किल्ली पुढे फिरवली तर कुंहूं, फट्, आणि लागलीच सुरू. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले आणि हॉर्न वाजला, तेव्हा बेकरीवाला धावत आला.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी काहीही ठोकलेलं नाही. तुझी शपथ. तुझं पत्र वाचून इतका राग आला होता की हातात पाना असता तर तुलाच पोस्टाने पाठवला असता. पण गाडी चालू ठेवून मी मागच्या बाजूला गेले आणि राग गेला. बंपरची डावी कड दबलेली आहे. खाली कुंडीची एक खापरी अडकलेली आहे. मग फाटकाकडे पाहिलं. डावा खांब, नवा चुना. चुन्याखाली टवका उडालेला हाताला लागतो.

बुधवारी मी नणंदेकडे होते.

बेकरीवाल्याकडे नुसतं बघितलं, तर तो ट्रे मोजायला लागला. पुन्हा ढकलायची का, असं का म्हणाला होता ते तेव्हा कळलं. त्या दिवशी दोघांनी मिळून गाडी ढकलून जागेवर आणून लावली असणार, आणि बोक्याच्या नावावर बिल फाडलं असणार.

इंजिनाचा आवाज ऐकून हे दारात आले. चौकटीला धरून उभे राहिले. गाडी चालू झाली का, असं विचारलं. मी हो म्हटलं. बरं झालं, म्हणाले, आणि आत गेले. चेहरा असा झाला होता की मला पुढे बोलवेना. भंगारवाल्याची घाई का होती तेही मग कळलं. गाडी दारात असेपर्यंत तो खांब रोज ह्यांच्याकडे बघत असणार.

मी चिडू का दादा? चिडायला हवं. गल्लीत एखादं पोर मध्ये आलं असतं तर, या विचाराने झोप लागली नाही. पण त्या दुपारी घरी कोणी नसताना ह्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली, ते डोळ्यांसमोर आलं की राग टिकत नाही. परीक्षेला दहाच दिवस उरलेत. माझा रिव्हर्स अजून हौदाच्या दिशेनेच जातो. काय करू ते कळव. रागावलेली का असेना, तुझीच,

भिंगरी


२३ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

आधी माफी मागतो. ठोकणारी तू नव्हेस. हसू मात्र परत घेत नाही, ते बोक्याच्या वाट्याला दिलं.

मेहुण्यांना विचारू नकोस. माझे कान गेले तेव्हा मी वर्षभर गॅरेजमध्ये मान हलवत होतो. गिऱ्हाईक बोलायचं, मी हो हो म्हणायचो. सगळ्यांना कळत होतं, तुझ्या वहिनीलाही. तिने एका शब्दाने विचारलं नाही. एक दिवस नुसती पाटी-पेन्सिल आणून काउंटरवर ठेवली. त्या पाटीवर मी आणखी चार वर्षं धंदा केला.

तेव्हा त्यांनाही काहीतरी काम दे. किल्ली मात्र तुझ्याजवळ ठेव, त्यात दयामाया नको. ती गाडी त्यांनी वीस-बावीस वर्षं त्या फाटकातून मागे काढली आहे. नजर गेली म्हणून पाठ केलेलं जात नाही. शेजारी बसव आणि म्हणावं, मला रिव्हर्स शिकवा. त्यांनी नाही म्हटलं तर माझं नाव बदल.

तीस तारखेला माझा जीव इथे टांगलेला असेल. सुटका तूच करायची.

तुझा,
दादा


३१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पास झाले. नाव बदलायची गरज नाही, तुझं नाव आहे ते फार चांगलं आहे.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा होणार, रिव्हर्स जमत नाही, शिकवा. हे खुर्चीतून उठले. मग म्हणाले की मोठा कागद आण आणि जाड पेन आण. दादा, ह्यांनी अंगणाचा नकाशा काढला. कागदाला नाक लावून, मान वाकडी करून, नजरेच्या कडेने, पण रेघ एक हलली नाही. भिंत कुठे, फाटक कुठे, चाक कुठून वळवायचं, खांब मागच्या काचेच्या कुठल्या कोपऱ्यात आला की थांबायचं. सगळं होतं त्यात.

रोज सकाळी मी किल्ली घेऊन बसायचे आणि हे शेजारी. शिकवताना माणूस भलताच खडूस आहे. बाई परवडल्या. क्लच सोडताना माझा पाय थरथरला की ह्यांना सीटवरून कळायचं. तिसऱ्या दिवशी फाटकातून मागे जाताना मी आरशात बघत होते, तेव्हा हे हळूच म्हणाले की उजवीकडून जरा जास्त घे, तो डावा खांब दिसतो त्यापेक्षा जवळ आहे. मी गाडी थांबवली. हे समोर बघत होते. म्हणाले, मला माहीत आहे. मीही म्हटलं, मलाही माहीत आहे. मग आम्ही दोघंही इतके हसलो की बेकरीवाला पाव टाकून बाहेर आला. त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा खांबाकडे, आणि तोही हसत सुटला. बोक्यावरचा आळ त्या दिवशी निघाला.

काल परीक्षा झाली. बाईंना शेजारी घेऊन मीच गाडी तिथवर नेली, हे मागे बसले. परीक्षक साहेब मख्ख चेहऱ्याचे आहेत, मागच्या दोन्ही वेळी तेच होते. रिव्हर्सचे दांडे लावले होते. मी डोळ्यांसमोर ह्यांचा नकाशा आणला आणि एकदाच गेले. मध्ये थांबणं नाही, पुढेमागे करणं नाही. साहेब स्वतः उतरून दोन्ही बाजूंचं अंतर बघून आले. म्हणाले की इतका सरळ रिव्हर्स वर्षातून एखादाच दिसतो, शिकवलं कोणी? मी बाकड्याकडे बोट दाखवलं. तिथे हे काळा चष्मा लावून, मान वाकडी करून, चेहरा एका बाजूला वळवून बसले होते. साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

परत येताना हे पुढे बसले, ताठ बसले. शिक्का बसलेला परवाना आता माझ्या पर्समध्ये आहे, किल्लीही. भंगारवाला आज ठरल्याप्रमाणे आला होता. हेच त्याला सामोरे गेले आणि ही गाडी चालती आहे, हात लावू नका, असं सांगून त्याला फाटकापर्यंत पोचवून आले. इंजेक्शनला परवा मी नेणार आहे. कोटाला पीठ लागणार नाही.

आणि येत्या रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. गाडी मी चालवणार, रस्ता हे सांगणार, नकाशा तयार आहे. वहिनींना सांग, हौदावर झाकण घालून ठेवा. तू फाटकात उभा राहा. हॉर्न वाजवून उपयोग नाही, म्हणून मी वाजवणार नाही. तुझ्यासमोर येऊन थांबेन आणि इंजिन बंद करणार नाही. पुढे ये, बॉनेटवर हात ठेव, आणि काय ऐकू येतं ते लिहून कळव.

भेटीपर्यंत माया पोस्टाने, पुढची हातोहात.

तुझी,
भिंगरी